झाडणीचा तांदूळ

माय, तुझं तोंड आतून मी नीट असं एकदाच पाहिलं, आणि तेव्हा पाहून काही उपयोग उरला नव्हता. बाकी जगाची तोंडं मात्र मी रोज पाहते. आमच्या उपकेंद्रात तिशी ओलांडलेलं कुणीही आलं की आधी बीपी, मग बोटाला सुई टोचून साखर, आणि मग मी टॉर्च पेटवून म्हणते, "आ करा." काही लाजतात, काही हसतात, काही जण आधी बाहेर जाऊन तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून येतात आणि सिस्टरला काही कळलंच नाही अशा थाटात बसतात. मी गालाची आतली बाजू बघते, जीभ वर करायला लावते, दातांच्या कडा बघते. पांढरा चट्टा, लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, यातलं काहीही दिसलं की लगेच जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायची. या कामात माझा हात बसला आहे. आणि गेले दोन महिने माझ्याच डाव्या गालात, मागच्या दाढेच्या समोर, एक पांढरा चट्टा आहे. तुझा होता त्याच बाजूला. मी तो कुणालाही दाखवलेला नाही.

मला भीती वाटते, माय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तू चार ओळींतच ओळखशील आणि म्हणशील, "सिधं बोल न, गोल गोल काऊन फिरून राहिली?" दुपारचे दोन वाजलेत, पेशंट संपलेत, आशाताई लसींचा डबा पोचवायला गेली आहे. मागच्या वर्षीच्या संपलेल्या रजिस्टरची शेवटची पानं कोरी होती, त्यांच्यावर लिहिते आहे. दर दोन ओळींनी जीभ आपोआप त्या जागी जाते. तिथे थोडं खरखरीत लागतं, दुखत मात्र नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं, कारण न दुखणाऱ्या चट्ट्याला जास्त घाबरा हे मीच बायकांना सांगत असते. सकाळी मोबाइलचा उजेड पाडून आरशात पाहिलं तेव्हा तो वाढल्यासारखा वाटला. मग वाटलं, परवा उजेडच वेगळा होता. असं रोज चालू आहे.

सगळं कुठून सुरू झालं ते शोधायला लागले की मी मिलच्या फरशीवर जाऊन पोचते. बाबा गेल्यावर तू आपल्या मुर्री गावाहून रोज पायी राईस मिलमध्ये जायला लागलीस. उकडलेलं धान उन्हात पसरायचं, दिवसभर अनवाणी पायांनी त्यात ओळी ओढत ते उलटत राहायचं आणि ऊन उतरलं की गोळा करायचं. शनिवारी मजुरी मिळायची आणि मजुरीसोबत झाडण. यंत्राखाली, पोत्यांच्या थप्पीमागे, दारात जो तांदूळ सांडायचा तो आठवडाभर झाडून एका कोपऱ्यात साठवलेला असायचा. त्यात अख्खा दाणा कमी, तुकड्यांची कनकी जास्त, आणि बाकी कोंडा, सुतळीचे तुकडे, उंदराच्या लेंड्या नि खडे. मुनीम ते काट्यावर तोलून कामावरच्या बायकांना द्यायचा आणि मजुरीतून कापून घ्यायचा. बाजारात चांगल्या तांदळाला जो भाव होता त्याच्या निम्म्यानंही नाही, म्हणून तुम्ही सगळ्याजणी त्या ढिगाजवळ रांग लावायच्या. पिशवी भरून आणलीस की तू खुशीत असायचीस. आठवड्याचा भात झाला, म्हणायचीस.

त्यातला कोंडा सुपानं उडायचा, सुतळ्या हातानं निघायच्या, पण खडा काही केल्या हलायचा नाही. आपल्याकडचे ते गारगोटीचे बारीक पांढरे खडे, कनकीच्याच रंगाचे आणि तिच्याच आकाराचे. ते डोळ्यांनीच शोधावे लागत आणि ते काम माझं होतं. रविवारी दुपारी दारात उजेडाला ताट घेऊन बसायचं आणि चिमूट चिमूट करून तांदूळ निसायचा. तू त्यातही गंमत लावली होतीस. जेवताना जितके खडे दाताखाली येतील तितक्या घागरी मी बोरिंगवरून भरून आणायच्या. समोरच्या घरात दुकानातला तांदूळ यायचा, त्या घरातली माझ्या वयाची मुलगी रविवारी अभ्यास करायची, खेळायची, नुसती लोळायचीसुद्धा. तेव्हा मला तिचा राग यायचा. आता कळतं की त्या तांदळाचा अर्धा भाव तू मिलमध्ये भरायचीस आणि उरलेला मी रविवारी दुपारी भरायचे.

मी पाचवीत असताना एका रविवारी विहारात जयंतीच्या गाण्याची तालीम होती. मी वरवरचा अर्धा तांदूळ निसला, खालचा तसाच त्यात मिसळला आणि पळाले. तुला सांगितलं, झाला. संध्याकाळी आपण जेवायला बसलो, कढी होती, आणि तुझ्या तोंडातून असा आवाज आला की मी घास हातात धरून थांबले. तू तोंडातलं तळहातावर काढलंस. एक खडा होता आणि एक दाढेचा तुकडा. दोन्ही पांढरे, दोन्ही एवढेसे, खडा कोणता नि दाढ कोणती ते कळायला तुला चिमणीजवळ हात न्यावा लागला. मग माझ्याकडे पाहून तू ओरडलीस, "डोरे कुठं ठेवले होते? त्या गान्यात?" मी रडायला लागले. तू पाण्यानं चूळ भरलीस आणि उरलेला भात उजव्या बाजूनं चावून संपवलास. टाकला नाहीस. त्या दिवशीच्या घागरी मी तू सांगायच्या आत भरून आणल्या.

दाताच्या डॉक्टरकडे तू गेली होतीस हे खरं. गोंदियाच्या बाजारात जिन्यावरचा दवाखाना होता, मी तुझा पदर धरून बाकावर बसले होते. डॉक्टरनं आत बघितलं आणि सांगितलं, "अम्मा, अभी भरवा लो, सस्ते में हो जाएगा. बाद में पूरी दाढ़ जाएगी." तू विचारलंस, "बाद में मतलब कितने दिन?" तो हसला. त्याला वाटलं तू थट्टा करते आहेस. तू थट्टा करत नव्हतीस, किती दिवस ढकलता येईल ते तुला खरंच हवं होतं. "अगले महिने आती," म्हणून तू खाली उतरलीस आणि वाटेत मला फुटाणे घेऊन दिलेस. पुढच्या महिन्यात माझी पुस्तकं आली. त्याच्या पुढच्या महिन्यात छपराचे कवेलू फुटले होते. मग दाढ ठणकायला लागली, आणि मिलमधल्या कुणीतरी तुझ्या हातावर ती पत्र्याची छोटी डबी ठेवली.

गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा बोटावर घेऊन दाढेला चोळला की तोंड सुन्न पडतं. तू पहिल्यांदा लावलास त्या दिवशी तुझा चेहरा असा सैल झाला होता की मलाही बरं वाटलं. "दुखनं मरून गेलं वो," म्हणालीस. ते मेलं नव्हतं, फक्त त्याचा आवाज बंद झाला होता. डबी अगदी स्वस्त होती, म्हणूनच ती परवडली. मग सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, मग जेवण कमी असेल तेव्हा जेवणाऐवजी. बावीस वर्षं दर आठवड्याला एक डबी. तेवढ्या पैशांत त्या जिन्यावरच्या डॉक्टरनं तुझे सगळे दात भरून दिले असते, हे कळायला मला पाटी-पेन्सिल लागत नाही. पण दात भरायला पैसे एकदम लागत होते आणि डबीला आठवड्याला थोडे. आपल्याकडे एकदम असं कधी काही नव्हतंच. गोडं तेल आपण रोज संध्याकाळी वाटीभर आणायचो, चहापत्तीची पुडी एका वेळेपुरती, साबण अर्धा कापून. दुकानदार आपल्याला रोज भेटायचा, रोज हसून बोलायचा. का नाही हसणार? डबाभर घेणाऱ्यापेक्षा आपल्याकडून त्याला जास्त सुटत होतं.

मी अकरा वर्षांची असताना माझी दाढ किडली आणि मी भिंतीला डोकं आपटत रडले, तेव्हा तू तुझ्या बोटानं मलाही लावलास. डोकं गरगरलं, मी अंगणात उलटी केली, आणि मग इतकी शांत झोप लागली की तू दोनदा येऊन नाकाशी हात धरून पाहिलास म्हणे. ही गोष्ट तू शेजारणींना कौतुकानं सांगायचीस. तुझ्याकडे जे औषध होतं ते तू मला दिलंस, याबद्दल मला तुझ्यावर राग नाही. राग आहे, पण तो कुणावर काढायचा ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मग ते घड्याळ. बारावीनंतर मला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि सामानाच्या यादीत लिहिलं होतं, सेकंदकाट्याचं मनगटी घड्याळ. नाडी मोजायला. त्या महिन्यात तू दाढ काढून टाकायचीच असं ठरवलं होतंस, आता भरण्यासारखी ती राहिलीच नव्हती. मी म्हटलं, घड्याळ राहू दे, कुणाचं तरी मागून घेईन. तू म्हणालीस, "मास्तरीन म्हनते त घड्याळ पाह्यजेच. दात काई कुठं चालला नाई." बाजारातून तू सोनेरी पट्ट्याचं घड्याळ आणलंस, सगळ्यात स्वस्त नव्हे, त्याच्या वरचं, हे तू मला तीनदा सांगितलंस. माझ्या हातात बांधून तू कान लावून त्याची टिकटिक ऐकलीस. दीड महिन्यात सेकंदकाटा अडकला. मी वॉर्डात पेशंटचं मनगट धरून उभी राहायचे आणि अंदाजानं बहात्तर लिहायचे. एकदा तापानं फणफणलेल्या बाईचीही बहात्तर लिहिली आणि सिस्टरनं सगळ्या मुलींसमोर कागद माझ्या तोंडासमोर धरला. "नाडी मोजतेस की मनानं लिहितेस?" मी घरी येऊन तुझ्यावरच चिडले. कशाला आणलं असलं घड्याळ, म्हणाले. पुढचे दोन महिने तू रविवारीही मिलमध्ये गेलीस आणि चांगलं घड्याळ आणून दिलंस. म्हणजे आपण घड्याळ दोनदा घेतलं. दाढेचा विषय नंतर घरात निघालाच नाही.

त्यानंतरचं सांगताना माझाच हात थांबतो, कारण मी तेव्हा नर्स होते. कंत्राटी का होईना, पण पांढरी साडी नेसलेली नर्स. महिन्यातून एकदा मुर्रीला यायचे आणि बघायचे की तू भात कढीत कालवून पातळ करून पितेस. तिखट सोडलंस. हसताना पदर तोंडावर धरायला लागलीस. मी म्हटलं, आ कर, बघू दे. "मले काई नाई झालं. गरमी झाली थोडी. तू आपली ड्युटी कर," म्हणालीस आणि उठून गेलीस. मी जबरदस्ती करायला हवी होती. पण एक दिवस सुट्टी म्हणजे एका दिवसाचा पगार कमी, आणि संध्याकाळची बस चुकली तर दुसऱ्या दिवशीचाही, म्हणून मी बसच्या वेळेकडे बघत होते. तू लपवलंस आणि मला ते सोयीचं गेलं, माय. असं मी आजवर कुणासमोर म्हटलेलं नाही. शेवटी गालावर बाहेरून सूज दिसायला लागली तेव्हा तुला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं टॉर्च मारली आणि त्यांच्या खांद्यावरून मी पाहिलं. दाढेचा तो तुटका सुळका अजून तसाच होता आणि त्याच्या समोरचा गाल राहिलेलाच नव्हता. "ही धार कित्येक वर्षं गालाला घासते आहे, वरून तंबाखू. इतके दिवस काय केलं?" त्यांनी मला विचारलं होतं. उत्तर तू दिलंस. तोंड अर्धवटच उघडत होतं, तरी म्हणालीस, "काम केलं."

उपचार फुकट होते. गरिबीच्या दाखल्याचा कागद आपल्याकडे होता आणि तो खराही होता. पण नागपूरला जाणं फुकट नव्हतं, दवाखान्याबाहेरच्या खोलीत राहणं फुकट नव्हतं, तुझ्यासाठी मिक्सरमधून काढलेलं जेवण, माझा कापला गेलेला पगार, मिलमधली तुझी जागा, हे कशातच धरलेलं नव्हतं. मुर्रीचं घर समोरच्यांनी घेतलं, ज्यांच्या घरी दुकानातला तांदूळ यायचा त्यांनी. अडल्या वेळी विकलं म्हणून ते त्यांना स्वस्त पडलं. ते माणसं म्हणून वाईट नाहीत, तुझ्या मातीला सगळे आले होते. पण घर विकलं त्या आठवड्यात मला दिसलं की आपण आयुष्यभर जे स्वस्तात आणलं ते सगळं आपल्याला महागात पडलं, आणि आपलं एकच महाग होतं ते स्वस्तात गेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुझ्या पायाशी बसून एवढं सगळं तुला म्हणाले नाही. एवढंच म्हणाले की तो खडा माझ्यामुळे राहिला होता, मी अर्धाच तांदूळ निसला होता. तू शब्द जुळवत जुळवत बोललीस, "तो खडा तुया चुकीनं नोहोता वो. तो आपन तोलून आनला होता. पैसे देऊन."

हे वाक्य मी गेली चौदा वर्षं सोबत घेऊन फिरते आहे. त्यानं मला मोकळं करायला हवं होतं, तू त्यासाठीच बोललीस. पण मी काही तुझ्याएवढी सरळ निघाले नाही. आता माझी नोकरी कायम झाली आहे. पगार वेळेवर येतो, आजारपणाची रजा मिळते, औषधाचा खर्च परत मिळतो. घरात तांदूळ पाकिटातला येतो आणि तोही मी ताटात ओतून उजेडाला धरते. मुलगी नागपूरला शिकते, सुट्टीत आली की हसते. "आई, पाकिटाच्या तांदळात काय शोधते गं?" मी म्हणते, सवय. तिला वाटतं ही सवय तांदळापुरती आहे. तिला काय सांगू की चट्टा दिसला त्या आठवड्यात मी ठरवलं, आधी सर्वेक्षण संपू दे. मग ठरवलं, तिच्या वसतिगृहाचं होऊ दे. मग दिवाळी. पैसे आहेत, रजा आहे, दवाखाना बसनं पाऊण तासावर आहे, आणि तरी मी जिन्यावरच्या त्या डॉक्टरला विचारते आहे, बाद में मतलब कितने दिन? गरिबी घरातून गेली तरी ढकलत राहायचं तेवढं माझ्यात ठेवून गेली. तुझ्याकडे निदान कारण होतं.

आता सकाळी जे झालं ते सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. एक मावशी आली होती, रोवणी-कापणीला मजुरीनं जाणारी, पासष्टीची असेल. गुडघे दुखतात म्हणून आलेली. मी बीपी घेतला, साखर पाहिली आणि म्हटलं, आ करा. उजव्या गालात चट्टा होता, लाल, माझ्यापेक्षा मोठा. मी चिठ्ठीचा फॉर्म ओढला आणि नेहमीचं सुरू केलं, मावशी, उद्याच्या उद्या जायचं, तिथे काही पैसे लागत नाहीत. ती म्हणाली, "जाईन न सिस्टर. धान कापनं झालं का जाईन. आता गेली त मजुरी बुडन." मी ऐकवलं तिला. आवाज चढवून ऐकवलं, माझ्या आईचं काय झालं तेही सांगितलं, सहसा मी ते सांगत नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. मग जरा पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "राग नोका मानू, पन तुमच्या तोंडालेबी गुडाखूचा वास येऊन राहिला."

मी म्हटलं, काहीतरीच काय मावशी, टूथपेस्ट आहे. ती हसली, वाईट हसली नाही. "पन्नास वर्सं झाली लावून राहिली मी. मले नाई समजन त कोनाले समजन?" आणि लगेच तिनं सौदा मांडला, अगदी तुझ्या आवाजात. "पाहा सिस्टर, तुमी आपलं तोंड दाखवान त मीबी दाखवीन. नाई त राहू द्या दोघीचंबी."

हो माय, लावते मी. तुझ्या बोटानं सुरू झालं ते मी कधीच सोडलं नाही. शिकताना परीक्षेच्या दिवसांत, तू गेल्यावर रोज, आणि आता सकाळी ड्युटीला निघायच्या आधी न्हाणीघराची कडी लावून. वर दोनदा पेस्टनं दात घासते. गावोगाव भिंतीवर तंबाखूविरोधी पत्रकं चिकटवते, शाळेत मुलांकडून शपथ घेते. मुलीला माहीत नाही, नवऱ्याला संशय आहे, पण तो बोलत नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी तोंडावर सांगितलं आणि मला लाज वाटण्याआधी हायसं वाटलं. तेवढ्यापुरतीच का होईना, भीती जराशी कमी झाली. मी मावशीला म्हटलं, गुरुवारी सकाळची पहिली बस. ती म्हणाली, "नाई आल्या त मी घरी येऊन बसन तुमच्या." ती येईल. तशीच दिसते.

तर गुरुवारी आम्ही दोघी जाऊ. बसमध्ये दोघींची जागा मीच धरीन, रजेचा अर्ज लिहून झाला आहे, आणि मुलीला तिकडून फोन करीन, आधी नाही. काय निघेल ते मला माहीत नाही. साधं काही असलं तर बरं, नसलं तरी निदान तुझ्यापेक्षा लवकर कळेल, असं मी स्वतःला सकाळपासून समजावते आहे आणि जीभ पुन्हा तिथेच जाते आहे. दोन्ही चिठ्ठ्या समोर पडल्यात. मावशीची भरली तेव्हा तंबाखूच्या रकान्यात तिनंच लिहायला लावलं, "आहे लिवा, पन्नास वर्सं लिवा." मग मी माझी भरली. नाव, वय, चट्टा किती दिवसांपासून, सगळं खरं लिहिलं. आणि त्या रकान्यात, नाडी न मोजता बहात्तर लिहायचे तसा, मी "नाही" असा शब्द लिहिला.

तो खोडायला हवा. तो खोडला की या पानांची गरज संपली, ती मी रजिस्टरमधून फाडून टाकणार, असं मघाशीच ठरवलं होतं. साडेतीन वाजत आले, आशाताई परत येताना दिसते आहे, आणि पानं अजून रजिस्टरमध्येच आहेत.